वेग कुणाचा वाढला?

हैदराबादच्या आउटर रिंग रोडलगत, नानकरामगुडा-नार्सिंगी-कोल्लूर या पट्ट्यात, २३ किलोमीटरची सायकलवाट आहे. डोक्यावर सौर पॅनेलचं छत असलेली ही वाट ऑक्टोबर २०२३ मध्ये खुली झाली. आयटीतल्या नोकऱ्यांसाठी या शहरात आलेल्यांत मराठी माणसं पुष्कळ आहेत. त्यांतल्या सायकलवेड्यांची पहाट हँडलवरच्या छोट्या यंत्राकडे पाहत सुरू होते. आजची सरासरी कालच्यापेक्षा वाढली की दिवस सार्थकी लागतो. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीकडेही आपण याच नजरेनं पाहतो. पण या शर्यतीच्या १२० वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवून वाचल्या, तर एकटी सरासरी फार थोडं सांगते हे उमगतं.

पहिली टूर १९०३ ची. सहा टप्पे आणि २,४२८ किलोमीटर, म्हणजे एका टप्प्याला चारशेहून अधिक किलोमीटर. ६० जण निघाले, २१ पोचले. विजेता मॉरिस गारँ याचा सरासरी वेग ताशी २५.७ किलोमीटर होता आणि दुसऱ्या क्रमांकाचा स्वार त्याच्या जवळपास तीन तास मागे होता. २०२५ ची टूर २१ टप्प्यांची, सुमारे ३,३०० किलोमीटरची. १८४ जण निघाले, १६० पॅरिसला पोचले. तादेय पोगाचारनं ती ताशी ४२.८ किलोमीटरच्या सरासरीनं जिंकली. ही टूरच्या इतिहासातली सर्वाधिक सरासरी. योनास विंगेगार त्याच्या ४ मिनिटं २४ सेकंद मागे राहिला.

या दोन टोकांमध्ये सरळ रेघ मात्र ओढता येत नाही. १९१९ ची टूर १९०३ पेक्षाही संथ होती. पहिल्या महायुद्धानं उत्तर फ्रान्सचे रस्ते उखडले होते, टायरांची टंचाई होती. ६७ पैकी जेमतेम दहा-अकरा जण शेवटपर्यंत टिकले आणि सरासरी ताशी २४ वर आली. १९२६ मध्ये मार्ग ५,७४५ किलोमीटरचा झाला. टूरच्या इतिहासातला हा सर्वांत लांब मार्ग. वेग पुन्हा २४ च्याच घरात राहिला. १२६ पैकी ४१ जण पोचले. तेव्हा एक टप्पा सरासरी ३३८ किलोमीटरचा होता, आज तो १५७ चा आहे. वाढलेल्या वेगातला काही वाटा या आखूड झालेल्या टप्प्यांचा आहे.

पहिल्या दोघांमधलं अंतरही सलग घटत गेलेलं नाही. १९८९ मध्ये शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस ही २४.५ किलोमीटरची एकट्यानं, घड्याळाविरुद्ध पळण्याची शर्यत होती. ५० सेकंदांनी मागे असलेल्या ग्रेग लेमाँडनं ती लोरां फिन्याँपेक्षा ५८ सेकंद आधी संपवली. ३,२८५ किलोमीटरनंतरचा फरक उरला आठ सेकंदांचा. आजवरचा सर्वांत कमी फरक तोच. २०२३ मध्ये मात्र विंगेगार साडेसात मिनिटांनी जिंकला.

त्यामानानं तिसरा आकडा, म्हणजे शर्यत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, मला जास्त बोलका वाटतो. १९०३ मध्ये ते ३५ टक्के होतं, १९२६ मध्ये ३३, १९८९ मध्ये १९८ पैकी १३८ म्हणजे ७० आणि २०२५ मध्ये ८७. हे प्रमाण का वाढलं, ते १९१३ चा एक प्रसंग सांगतो. पिरेनीजच्या उतारावर युजीन ख्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. बाहेरची मदत घ्यायला बंदी होती. तो सायकल खांद्यावर टाकून सँत-मारी-द-काँपाँ या गावापर्यंत चालत गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातानं फोर्क जोडला. भाता एका पोरानं हलवला, म्हणून त्याला वर दंडही झाला. आज सायकल मोडली तर संघाच्या गाडीवरून काही सेकंदांत दुसरी मिळते. सोबत डॉक्टर असतात आणि नेत्यासाठी पाणी आणणारे, त्याच्यापुढे वारा झेलणारे सहकारी असतात.

या वाऱ्याचं गणित समजल्याशिवाय वेगाचा आलेख वाचता येत नाही. सपाट रस्त्यावर हवेचा रोध भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. लेमाँडची १९८९ ची सरासरी ताशी ३७.५ होती. तिथून ४२.८ ही वाढ १४ टक्क्यांची दिसते. पण बाकी सगळं तेच असतं, तर सपाटीवर तेवढ्यासाठी जवळपास दीडपट शक्ती लागली असती. माणसाचे पाय ३६ वर्षांत दीडपट बळकट होत नाहीत. आहार आणि सराव सुधारला, हे खरंच. उरलेली मजल चांगले रस्ते, टायर, अंगाची ठेवण, कपडे आणि जथ्यानं पळण्याचं शास्त्र यांची. आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठातल्या बेर्ट ब्लोकन यांच्या गटानं २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला. जथ्याच्या पोटात शिरलेल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के रोध जाणवतो, असं त्यात दिसलं. म्हणजे वेग वाढला तो मुख्यतः समूहाचा.

आकड्यांवर आंधळा विश्वासही ठेवता येत नाही. २००५ ची टूर १७ वर्षं सर्वांत वेगवान मानली गेली. २०२२ मध्ये तो विक्रम मोडला. पण २००५ चा विजेता लान्स आर्मस्ट्राँग याची सातही विजेतेपदं उत्तेजकांमुळे २०१२ मध्ये काढून घेतली गेली. २०२५ मध्ये गुरांतल्या लम्पी रोगाच्या साथीमुळे आल्प्समधला एकोणिसावा टप्पा १२९.९ वरून ९३.१ किलोमीटरवर आणावा लागला. शेवटच्या दिवशी ओल्या रस्त्यांमुळे एकूण क्रमवारीची वेळ अंतिम रेषेच्या बरीच आधी थांबवली गेली. म्हणून सरासरीसोबत ती कोणत्या मार्गाची, कोणत्या हवेतली आणि किती अंतराची, हेही नोंदलेलं असावं लागतं.

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीनं 'घाटाचा राजा' हा मान घराघरांत पोचवला. २०२६ च्या १९ ते २३ जानेवारीला पुणे ग्रँड टूर झाली: एक छोटा प्रास्ताविक टप्पा, चार मोठे टप्पे आणि एकूण ४३७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या वर्गवारीत ती २.२ दर्जाची. यातला पहिला २ म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत, दुसरा तिची श्रेणी. अजून एकाही भारतीयानं टूर द फ्रान्समध्ये भाग घेतलेला नाही. तिथवर जाणारी वाट अशाच शर्यतींतून जाईल.

हैदराबाद ते पुणे हे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, सोलापूर, इंदापूर असा हा रस्ता तेलुगू, कन्नड आणि मराठी मुलूख एकत्र शिवतो. त्याचे चार टप्पे सहज पडतात. हैदराबादच्या मराठी मंडळींनी आणि सायकल क्लबांनी या रस्त्यावर शर्यत भरवायचं मनावर घ्यावं. आणि पहिल्याच वर्षापासून किती निघाले, किती पोचले, कोण कुठे आणि का थांबलं, वारा कसा होता, हे सगळं नोंदवून सर्वांसाठी खुलं ठेवावं. आकडे हाताळणाऱ्यांची या शहरात वाण नाही. नोंदी नसतील, तर आपले सायकलपटू पुढे चालले आहेत की नाही, हे वीस वर्षांनीही आपल्याला सांगता येणार नाही.