नव्या पिढीचे अंगठेबहाद्दर

'अंगठेबहाद्दर' हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. ज्याला सही करता येत नाही, त्याला आपल्याकडे थट्टेने हे नाव मिळाले होते. मनीऑर्डर आली की पोस्टमनसमोर अंगठा उठवायचा, मुंबईहून मुलाचे पत्र आले की ते गुरुजींकडून वाचून घ्यायचे. पत्रातली बातमी आईच्या आधी गुरुजींना कळे आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला. आपली खासगी गोष्ट परक्याच्या हाती सोपवावी लागे, हेच निरक्षरतेचे खरे दुःख होते.

गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी मी आमच्या भागातल्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांना संगणक दाखवायला बसतो. शिकवतो म्हणण्याइतका मी तज्ज्ञ नाही. पण तिथे बसून माझी एक खात्री झाली आहे. अंगठेबहाद्दर संपलेले नाहीत. शाईची जागा मोबाइलच्या काचेने घेतली, एवढेच.

गंमत अशी की ही मुले मोबाइलवर माझ्या दसपट वेगाने फिरतात. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांतल्या ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, तर अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्के मुलांनी. म्हणजे यंत्र हातात पोहोचले आहे. प्रश्न आहे तो त्यावर हुकमत कोणाची, याचा.

आमच्याकडे येणारा एक मुलगा गाण्यावर झकास चित्रफीत बनवतो. पण शाळेचा प्रकल्प कुठे साठवलास, असे विचारले तर म्हणतो, "मोबाइलमध्ये आहे, काका." मोबाइलमध्ये कुठे, हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नाही.

याहून गंभीर प्रसंग एका मुलीचा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. अर्ज भरायचा म्हणून बापलेक नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेले. कॅफेवाल्याने अर्ज भरला, पासवर्ड त्यानेच ठरवला, मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकला. कोणती महाविद्यालये कोणत्या क्रमाने, हेही बरेचसे त्यानेच सुचवले. वडील मला म्हणाले, "सर, काळजी नाही, सगळं त्याच्याकडे आहे." मला ते गुरुजींनी वाचलेले पत्र आठवले. कॅफेवाला भला माणूस असेलही. पण पोरीच्या आयुष्याची किल्ली त्याच्या खिशात राहिली, आणि कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही!

आपल्या जनगणनेत साक्षर कोणाला म्हणतात? सात वर्षे किंवा त्यावरील ज्या व्यक्तीला कोणतीही एक भाषा समजून वाचता आणि लिहिता, दोन्ही येते, तिला. ज्याला नुसते वाचता येते, त्याची गणना साक्षरांत होत नाही. ही व्याख्या आपल्या मुलांना लावून पाहा. पडद्यावरचे पाहणे त्यांना येते. लिहिणे, जपून ठेवणे, पारखणे यांपैकी किती येते?

म्हणून आमच्या रविवारच्या वर्गात चारच गोष्टी असतात. पहिली, फाइल. तिला अर्थपूर्ण नाव द्यायचे, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, आठवड्याने न विचारता शोधून दाखवायची. फोटो अमुक केबीपेक्षा लहान हवा, अशी अट अर्जात असते. केबी म्हणजे काय आणि फोटो लहान कसा करायचा, हे ज्याला कळले त्याची कॅफेची निम्मी फेरी वाचली.

दुसरी, मराठी टंकलेखन. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये मान्य केलेला इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला वाटतो त्याहून सोपा आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. इंग्रजी 'के'च्या कळीवर क, शिफ्ट दाबून ख. रोज वीस मिनिटे दिली तर महिन्या-दीड महिन्यात मूल मराठीत अर्ज लिहू लागते, असा माझा अनुभव आहे.

तिसरी, पत्ता वाचणे. संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचे शेवटचे शब्द पाहायचे. तिथे 'जीओव्ही डॉट इन' असेल तर ते भारतातले सरकारी स्थळ. हीच अक्षरे मधेच कुठे तरी घुसवलेली असतील तर सावध व्हायचे.

चौथी, किल्ली आपल्याकडे. पासवर्ड स्वतः ठरवायचा, ओटीपी कुणाला सांगायचा नाही. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा.

यात नवे काही नाही. केंद्र सरकारने शाळांत संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प १९८४ मध्येच सुरू केला होता. पुढे अनेक शाळांत संगणक आले, पण चपला बाहेर काढायच्या, आवरण घातलेल्या यंत्राकडे पाहायचे आणि व्याख्या पाठ करायच्या, असा त्या तासाचा थाट! एमएस-सीआयटीने लाखो मराठी माणसांना माऊस धरायला शिकवले, हे मोठेच काम झाले. पण नोकरीच्या अटीसाठी शिकणे वेगळे आणि शाळेच्या वयात हात बसणे वेगळे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने माध्यमिक टप्प्याच्या आधीच प्रोग्रामिंगची ओळख सुचवली आहे. चांगलेच आहे. पण ज्याला आपली फाइल सापडत नाही, त्याला प्रोग्रामिंग काय सापडणार?

शाळांनी एवढेच करावे. शनिवारी दुपारी संगणकाच्या खोलीचे कुलूप उघडावे, एका यंत्रासमोर दोघांना बसवावे आणि कळफलक त्यांच्या हाती द्यावा. घरी संगणक नसला तरी अडत नाही. साधा कळफलक बऱ्याच मोबाइलना एका छोट्या जोडणीने लावता येतो.

आणि आईवडिलांनी? पुढचा अर्ज, मग तो शिष्यवृत्तीचा असो वा परीक्षेचा, मुलाला स्वतः भरू द्यावा. शेजारी बसावे, पण माऊस धरू नये. एक संध्याकाळ जाईल, दोनदा पान बंद पडेल, चिडचिड होईल. होऊ द्या. सही शिकतानाही पहिली पाटी वेडीवाकडीच भरते.