शालिश, ग्राम अदालत आणि न्याय मोजण्याची कसोटी

बांगलादेशाच्या खेड्यांमध्ये बांधाचे भांडण, थकलेली उसनवारी, मोकाट जनावरांनी केलेली पिकाची नासाडी किंवा किरकोळ मारामारी असे तंटे पिढ्यान्‌पिढ्या ‘शालिश’ नावाच्या बैठकीत मिटवले जात आले आहेत. गावातील वजनदार मंडळी, शिक्षक, मशिदीचे इमाम आणि निवडून आलेले सदस्य एकत्र बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि गावाला पटेल असा तोडगा काढतात. ही व्यवस्था जवळची, कमी खर्चाची आणि लोकांच्या बोलीत चालणारी असली, तरी तिला लेखी नियम नाहीत, निर्णयाची नोंद क्वचितच ठेवली जाते आणि पंच कोण असावेत हे बहुधा गावातील सत्तेच्या उतरंडीवरून ठरते. दुसऱ्या बाजूला जिल्हा न्यायालय आहे; तेथे कायदा लेखी आहे आणि अपिलाची सोय आहे, परंतु अंतर, वकिलाचा खर्च आणि वर्षानुवर्षे लांबणाऱ्या तारखा यांमुळे भूमिहीन मजुराला किंवा परित्यक्ता स्त्रीला ते दार असूनही नसल्यासारखे असते.

या दोन व्यवस्थांमधील दरी बुजवण्यासाठी बांगलादेशाने ‘ग्राम अदालत’ ही संस्था निवडली. 1976 च्या अध्यादेशाने ती अस्तित्वात आली आणि 2006 च्या कायद्याने तिला आजचे रूप मिळाले. युनियन परिषद, म्हणजे अनेक गावांची मिळून असलेली सर्वांत खालच्या स्तरावरील स्थानिक स्वराज्य संस्था, ही अदालत भरवते. परिषदेचा अध्यक्ष आणि प्रत्येक पक्षाने सुचवलेले दोन-दोन सदस्य असे पाच जण निवाडा करतात, आणि प्रत्येक पक्षाच्या दोघांपैकी एक जण परिषदेचा सदस्य असावा लागतो. वकिलाला येथे प्रवेश नाही, कैदेची शिक्षा देण्याचा अधिकार नाही. नुकसानभरपाई देववणे किंवा मालमत्ता परत करवणे एवढेच तिच्या हाती असते. निर्णय एकमताने किंवा चार विरुद्ध एक अशा मताधिक्याने झाला तर तो बंधनकारक ठरतो, मात्र तीन विरुद्ध दोन असा झाला तर नाराज पक्षाला वरच्या न्यायालयात दाद मागता येते. आपल्या बाजूचे पंच आपण निवडायचे ही शालिशची ओळखीची रीत आणि नोंदवही, नोटीस व अपील ही न्यायालयाची शिस्त, अशा दोन्ही गोष्टी या रचनेत एकत्र आणलेल्या दिसतात.

कायदा झाला तरी बहुतेक ठिकाणी ग्राम अदालत कागदावरच राहिली, म्हणून 2009 मध्ये बांगलादेश सरकारने युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने तिला कार्यरत करण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात अदालतीसाठी साहाय्यक नेमणे, नोंदवह्या व अर्जाचे नमुने पुरवणे, अध्यक्ष आणि सदस्यांना प्रशिक्षण देणे आणि अंगणातील बैठकांमधून लोकांना आपल्या हक्कांची माहिती देणे अशी कामे होती. 2016 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रकल्प एक हजारांहून अधिक युनियन परिषदांपर्यंत पोहोचला. अदालतीची आर्थिक मर्यादाही क्रमाने वाढत गेली. 2006 मध्ये ती 25 हजार टका होती, 2013 च्या दुरुस्तीने 75 हजार टका झाली आणि 2024 मध्ये तीन लाख टकांवर नेण्यात आली.

अशा प्रकल्पाचे मूल्यमापन करणे म्हणजे खर्चाचा हिशेब तपासणे नव्हे, तर प्रकल्प झाला नसता तर लोकांची स्थिती काय असती आणि झाल्यामुळे ती कितपत बदलली याचा पुराव्यानिशी शोध घेणे होय. त्यासाठी प्रथम तीन पातळ्या वेगळ्या कराव्या लागतात. किती अदालती उघडल्या आणि किती जणांना प्रशिक्षण मिळाले, हे प्रकल्पाचे थेट उत्पादन असते. लोक तेथे जाऊ लागले का आणि निवाडे अमलात आले का, हा त्याचा परिणाम असतो. तर गावातील वैर, असुरक्षितता आणि अन्याय कमी झाला का, हा दूरगामी प्रभाव असतो. पहिली पातळी मोजणे सर्वांत सोपे असते आणि म्हणूनच प्रकल्पांचे अहवाल तेथेच रेंगाळतात. दुसऱ्या व तिसऱ्या पातळीसाठी प्रकल्पापूर्वीची स्थिती टिपणारी पायाभूत पाहणी आणि प्रकल्प न पोहोचलेल्या तशाच गावांचा तुलनागट असावा लागतो, कारण त्यांच्याविना एखादा बदल प्रकल्पाने घडवला की तो तसाही घडणारच होता, हे सांगता येत नाही.

बांगलादेशातील अनुभव या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन मॅटसन आणि अहमद मुश्फिक मोबारक यांनी या प्रकल्पाचा अभ्यास सोडत पद्धतीने केला, म्हणजे प्रकल्प कोठे राबवायचा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून दोन्ही गटांची तुलना केली. ग्राम अदालती खरोखर काम करू लागल्या, असे त्यांना आढळले. परंतु लोकांची पहिली पसंती शालिशलाच राहिली आणि जिल्हा न्यायालयांवरील प्रकरणांचा भार हलका झाल्याचे दिसले नाही. हा निष्कर्ष निराशाजनक वाटला, तरी त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ग्राम अदालतीत येणारे बहुतेक लहान तंटे जिल्हा न्यायालयात कधी गेलेच नसते, तेव्हा त्यांच्या निकालाने तेथील भार कमी होईल ही अपेक्षाच मुळात चुकीच्या जागी ठेवलेली होती. प्रकल्पासाठी निधी मिळवताना दिलेले कारण आणि गावातील माणसाची प्रत्यक्ष गरज यांत अंतर पडले, तर मूल्यमापनही चुकीचा प्रश्न विचारत राहते.

योग्य प्रश्न निकालांच्या संख्येपलीकडचा आहे. तडजोडीवर दोन्ही पक्षांच्या सह्या असल्या, तरी दुबळ्या पक्षाने ती मनापासून स्वीकारली की गावात राहायचे आहे म्हणून मान खाली घातली, हे सह्यांवरून कळत नाही. शालिशच्या इतिहासात या शंकेला सबळ आधार आहे. 1990 च्या दशकात काही शालिशांनी फतव्याचा आधार घेऊन स्त्रियांना फटक्यांच्या आणि दगड मारण्याच्या शिक्षा दिल्या होत्या, आणि 2010 मध्ये ढाक्याच्या उच्च न्यायालयाला अशा न्यायबाह्य शिक्षा बेकायदा असल्याचे स्पष्ट करावे लागले. स्त्रिया किंवा अल्पवयीन मुलांचे हित गुंतलेल्या प्रकरणांत ग्राम अदालतीवर स्त्री सदस्य सुचवण्याची तरतूद 2013 च्या दुरुस्तीने केली, ती या पार्श्वभूमीवर महत्त्वाची ठरते. तरीही स्त्री सदस्य बैठकीला आली एवढी नोंद पुरेशी नसते; ती बोलली का आणि तिच्या मताने निवाडा बदलला का, हे तपासावे लागते. अध्यक्षाच्या निःपक्षपातीपणाचीही अशीच परीक्षा व्हायला हवी, कारण 2016 मध्ये युनियन परिषदांच्या निवडणुका प्रथमच पक्षचिन्हांवर झाल्या आणि विरोधी पक्षाच्या कुटुंबाला आपले गाऱ्हाणे ऐकणारा माणूस कोणत्या पक्षाचा आहे हे आधीच माहीत असू लागले.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मराठेशाहीत गोतसभा, म्हणजे गावकरी व वतनदारांची न्यायसभा, वाद ऐकून महजर, म्हणजे लेखी निवाडापत्र, करून देत असे आणि त्या निवाड्यामागे राजसत्तेची मान्यता उभी असे. अलीकडच्या काळात 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने ग्रामसभेने निवडलेली समिती, पोलीस आणि महसूल यंत्रणा यांना एकत्र आणून तडजोडीने तंटे मिटवण्याला चालना दिली आणि मूल्यमापनात पुरेसे गुण मिळवणाऱ्या गावांना लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार दिले. गावाने गावातच समेट घडवावा हा हेतू स्वागतार्हच आहे. परंतु गुण आणि पारितोषिक मिटलेल्या तंट्यांवर अवलंबून असले, की तंटा मिटवण्याइतकेच तक्रार पुढे न येऊ देण्याचे आकर्षणही निर्माण होऊ शकते, याची दखल मूल्यमापनाच्या पद्धतीतच घ्यावी लागते. समाजाच्या पंचांचा अधिकार निरंकुश झाला की काय होते, हे जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनी दाखवले आणि त्यातूनच 2016 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला.

म्हणून दोन न्यायव्यवस्थांना जोडणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाची पारख चार गोष्टींवर व्हावी: दुबळ्या पक्षाला तडजोड नाकारण्याची खरी मुभा होती का, नाकारल्यावर न्यायालयाचे दार त्याच्यासाठी उघडे राहिले का, झालेला निवाडा ठरल्या मुदतीत अमलात आला का, आणि निधी संपल्यावर ही व्यवस्था गावाच्या व शासनाच्या बळावर चालू राहिली का. या प्रश्नांची उत्तरे अदालतीच्या नोंदवहीत सापडत नाहीत. निवाड्यानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने हरलेल्या पक्षाशी, स्त्रियांशी आणि अदालतीकडे मुळीच न फिरकलेल्या लोकांशी एकांतात बोलूनच ती मिळवावी लागतात. अशा प्रकल्पांना पैसा देणाऱ्या संस्थांनी आणि शासनाने हा वेळखाऊ शोध मूल्यमापनाचा अनिवार्य भाग मानला पाहिजे, आणि मिटलेल्या तंट्यांचा आकडा समोर येईल तेव्हा नागरिकांनीही तो कोणाच्या बाजूने मिटला, हे विचारले पाहिजे.