गाण्यांची इंग्रजी नावे कोणी ठेवली?

आमच्या वाचकांच्या घरोघरी आता इंग्रजी गाणी ऐकू येतात. मुले इंग्रजी शाळेत जातात, कोणाचा भाऊ आखातात असतो तर कोणाची बहीण कॅनडात, आणि हातातल्या फोनवर जगातले हवे ते गाणे क्षणात लागते. त्या गाण्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात : 'फोक', 'कंट्री', 'ब्लूग्रास', 'अमेरिकाना'. मुलांनी अर्थ विचारला म्हणजे वडीलमाणसे 'लोकगीते' किंवा 'गावाकडची गाणी' असे सांगून मोकळी होतात. उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. ह्यांपैकी बहुतेक नावे गाणाऱ्यांनी ठेवलेलीच नाहीत. काही पंडितांनी ठेवली, काही तबकड्या विकणाऱ्यांनी, आणि एक तर चक्क शिवी होती. शिवाय कोणते नाव कोणाला लागले ह्यावरून कोणाचे गाणे घरात घेतले गेले आणि कोणाचे दाराबाहेर राहिले, हेही ठरत गेले.

प्रथम 'फोक' हा शब्द घेऊ. हा आपल्या 'लोक' शब्दाचा सख्खा भाऊ वाटतो, अर्थही तोच. तथापि दोहोंचे नाते नाही, साम्य केवळ योगायोगाचे. जर्मनीत हेर्डर ह्या विद्वान धर्मोपदेशकाने अठराव्या शतकातच लोकगीताला नाव देऊन ठेवले होते. इंग्रजीत विल्यम थॉम्स ह्या गृहस्थाने १८४६ साली 'अथेनिअम' नियतकालिकाला पत्र लिहून 'फोकलोअर', म्हणजे लोकविद्या, हा शब्द सुचविला. त्याच वळणावर 'फोक-साँग' आला, आणि १८९८ साली लंडनमध्ये फोक-साँग सोसायटी स्थापन झाली. शिकलेल्या माणसांनी न शिकलेल्या माणसांच्या गाण्याला दिलेले हे नाव होय. शेतात गाणाऱ्या इंग्रज शेतकऱ्याच्या लेखी ते नुसते गाणे होते.

'बॅलड' हा शब्द मात्र पुष्कळ जुना. फ्रान्सकडून आलेल्या ह्या शब्दाच्या मुळाशी नाचणे आहे, परंतु इंग्रजीत तो कथा सांगणाऱ्या गीतासाठी रूढ झाला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड ह्यांनी इंग्लंड-स्कॉटलंडच्या ३०५ बॅलडांचा संग्रह सिद्ध केला. तो १८८२ ते १८९८ ह्या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. शेवटचा भाग पाहावयास ते हयात नव्हते. त्यांनी दिलेले क्रमांक आजही गाण्याच्या नावासारखे चालतात. प्रेमभंगाचे 'बार्बरा ॲलन' म्हणजे चाइल्ड ८४, एवढे सांगितले की जाणकाराला समजते.

हाच शब्द मराठी मुलखातही येऊन गेला आहे. मुंबईच्या वडाळ्यातील कुष्ठरुग्णालयाला ज्यांचे नाव आहे ते ॲक्वर्थसाहेब मराठी पोवाड्यांचे मोठे रसिक. शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्यासह त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली छापला, आणि १८९४ साली त्यांतील काहींचा इंग्रजी पद्यानुवाद लंडनला प्रसिद्ध केला. त्याच्या नावात पोवाड्याला त्यांनी 'बॅलड' म्हटले. दुसरा जवळचा शब्द त्यांच्यापाशी नव्हता, हे खरे. तरी डफ-तुणतुण्याच्या साथीने शाहीर सभेत उभा राहून वीराची कीर्ती गातो ती गोष्ट वेगळी. आणि चुलीपाशी बसून एखादी बाई वाद्यावाचून, चेहऱ्यावर काही न दाखविता, बुडून मेलेल्या प्रियकराची कथा गाते ती वेगळी. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही घातली की दोहोंचेही काही तरी गळून पडते, असे आम्हांस वाटते.

अशा बाया प्रत्यक्षात होत्या. सेसिल शार्प हे इंग्रज संग्राहक आणि त्यांच्या सहकारी मॉड कार्पेलिस १९१६ ते १९१८ ह्या वर्षांत एकंदर ४६ आठवडे अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरात वस्तीवस्तीने हिंडले. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल ह्या बाईंनी आधीच तेथील गाणी टिपली होती. त्यांच्यामुळेच शार्पना हा ठेवा कळला. ब्रिटनमधून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी गेलेल्यांचे वंशज तेथे जुनी गाणी अजून गात होते. परंतु अडचण अशी की 'गाणी म्हणा' म्हटले म्हणजे ही भाविक मंडळी स्तोत्रे म्हणू लागत. मग उमगले की पंडित ज्याला बॅलड म्हणतात त्याला येथे 'लव्ह-साँग', म्हणजे प्रीतिगीत, म्हणावयाचे. मग त्यात खून असो वा भूत. तो शब्द उच्चारताच पाहुण्यांच्या वह्या भरू लागल्या. गाणाऱ्यांचा शब्द वेगळा आणि विचारणाऱ्यांचा वेगळा, ह्याचे इतके सरळ उदाहरण दुसरे आम्हांस ठाऊक नाही.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? जात्यावर बसलेल्या आमच्या आजीने आपण लोकगीत म्हणत आहोत असे कधी सांगितले नाही. ती ओवी म्हणत होती. जन्माने इंग्रज असलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी गोव्यात 'ख्रिस्तपुराण' रचिले, तेही ओवीतच. ते १६१६ साली राशोलला छापले गेले, म्हणजे 'फोकलोअर' हा शब्द जन्मण्याच्या २३० वर्षे आधी.

स्तोत्रांचा विषय निघाला म्हणून 'गॉस्पेल' ह्या शब्दाबद्दल दोन ओळी. जुन्या इंग्रजीत 'चांगली वार्ता' असा त्याचा अर्थ. आपला 'शुभवर्तमान' शब्द त्याला अक्षरश: जुळतो. अमेरिकेत १८७४ साली फिलिप ब्लिस ह्यांनी आपल्या भक्तिगीतांच्या पुस्तकाला हा शब्द जोडला, आणि पुढे तो एका संगीतप्रकाराचेच नाव झाला. आज दुकानात 'गॉस्पेल' मागितले तर बायबल मिळेल की गाणी, हे दुकान कशाचे आहे ह्यावर अवलंबून.

आता त्या शिवीकडे वळू. 'हिल' म्हणजे डोंगर आणि 'बिली' हे विल्यम नावाचे घरगुती रूप. तेव्हा 'हिलबिली' म्हणजे 'डोंगरातला बिल्या'. शहरी माणूस हा शब्द अडाणी, आळशी अशा अर्थी वापरी. आपल्याकडे 'गावंढळ' म्हटल्याने जे बोचते तेच येथे बोचे. १९२५ च्या जानेवारीत त्या डोंगराळ भागातले चौघे वादक न्यूयॉर्कला ओके कंपनीत गाणी ध्वनिमुद्रित करण्यास आले. काम झाल्यावर कंपनीचे राल्फ पीअर ह्यांनी पथकाचे नाव विचारले. पुढारी अल हॉपकिन्स उत्तरले की आम्ही व्हर्जिनिया-कॅरोलायनाकडचे हिलबिली, वाटेल ते नाव द्या. झाले! तबकडीवर 'हिल बिलीज' असे पडले. फिडल वाजविणारे टोनी आल्डरमन मनातून खजील झाले; त्यांच्या गावात तो शब्द थट्टेचा नव्हता, हातघाईवर आणणारा होता. परंतु तिकडचेच नावाजलेले गायक अर्नेस्ट स्टोनमन ह्यांनी ते ऐकले तेव्हा ते खदखदून हसले आणि ह्याहून शोभणारे नाव नाही म्हणाले. नाव राहिले आणि काही वर्षांत साऱ्या संगीतप्रकाराला चिकटले. ही हकीकत आर्ची ग्रीन ह्या अभ्यासकाने १९६५ साली छापली म्हणून आपणांस कळते. (फिडल म्हणजे व्हायोलिनच बरे का! वाद्य एकच, सभागृहात वाजले की व्हायोलिन, खळ्यावर वाजले की फिडल.)

कंपन्यांच्या सूचीपत्रांत मात्र सौम्य नावे असत : 'जुन्या काळच्या चाली', 'ओळखीच्या चाली'. कृष्णवर्णीय गायकांसाठी सूची निराळी. तिचे नाव 'रेस रेकॉर्ड्स', वंशाच्या तबकड्या. गिऱ्हाईक वेगळे म्हणून सूची वेगळी, एवढाच व्यापाऱ्याचा हिशेब. प्रत्यक्षात दोन्हीकडचे गाणारे एकमेकांचे ऐकून शिकत. हिलबिली संगीताची खूण समजला जाणारा बँजो तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचा.

ह्या सूचीभेदाची किंमत कोणी मोजली, ते डीफोर्ड बेली ह्यांच्या आयुष्यात दिसते. हे कृष्णवर्णीय गृहस्थ माउथ ऑर्गनवर धावत्या आगगाडीचा हुबेहूब आवाज काढीत. १९२७ साली एका शनिवारी रात्री नॅशव्हिलच्या नभोवाणी केंद्रावर ग्रँड ऑपेराच्या धर्तीचा भारदस्त कार्यक्रम संपून गावाकडचा कार्यक्रम सुरू झाला. निवेदक जॉर्ज हे ह्यांनी सहज कोटी केली की आता 'ग्रँड ओल ऑप्री' ऐका. 'ऑपेरा'चा तो गावठी उच्चार जगप्रसिद्ध झाला. त्या रात्री हे ह्यांनी बोलाविलेले वादक होते बेली. आपल्या घरात वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या वादनाला ते 'ब्लॅक हिलबिली' म्हणत. सूचीपत्रात असा कप्पाच नव्हता. १९४१ साली त्यांना कार्यक्रमातून काढण्यात आले. कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव लागले ते २००५ साली; तोवर त्यांना जाऊन २३ वर्षे झाली होती.

मग 'हिलबिली'चे 'कंट्री' कसे झाले? 'कंट्री' म्हणजे देश हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्याचा दुसरा अर्थ शहराबाहेरचा मुलूख, गावाकडचा भाग. गायक अर्नेस्ट टब ह्यांनी आपल्या कंपनीकडे धरणे धरले की आम्हांला हिलबिली म्हणू नका, कंट्री म्हणा. व्यापारी साप्ताहिक 'बिलबोर्ड'ने १९४४ साली अशा तबकड्यांची खपयादी सुरू केली ती 'फोक' नावाने. १९४९ च्या जूनमध्ये ती 'कंट्री अँड वेस्टर्न' झाली. 'वेस्टर्न' म्हणजे चित्रपटांतल्या गाणाऱ्या गुराख्यांची गाणी. त्याच वेळी 'रेस' शब्दही काढून 'रिदम अँड ब्लूज' घातला गेला. नावे सभ्य झाली, भिंत मात्र जागेवर राहिली. १९६२ साली 'वेस्टर्न'ही गळाले आणि नुसते 'कंट्री' उरले. 'फोक' हा शब्द तोवर गिटार घेऊन गाणाऱ्या शहरी तरुणांकडे गेला होता.

'ब्लूग्रास'ची गोष्ट सुखाची आहे. ब्लूग्रास हे चांगले हिरवे गवत. त्याच्यामुळे केंटकी राज्याला टोपणनाव मिळाले. केंटकीचे बिल मनरो ह्यांनी अभिमानाने पथकाला ते नाव दिले. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तीन बोटांनी विजेसारखा बँजो वाजविणारा तरुण त्यांस येऊन मिळाला, आणि पुढील दहा वर्षांत तशा वादनालाच लोक ब्लूग्रास म्हणू लागले. येथे नाव गाणाऱ्याच्या घरातून आले. 'हॉन्की-टाँक'चे उलट : ते स्वस्त दारूगुत्त्याचे नाव, गुत्त्यात वाजणाऱ्या गाण्यालाही तेच लागले.

ही भिंत अजून पडलेली नाही. २०१९ साली लिल नॅस एक्स ह्या कृष्णवर्णीय तरुणाचे 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे, त्यात कंट्रीचे पुरेसे गुण नाहीत म्हणून, 'बिलबोर्ड'ने कंट्रीच्या यादीतून काढले. तेच गाणे सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिले राहिले. २०२४ च्या फेब्रुवारीत बियॉन्से ह्या कृष्णवर्णीय गायिकेचे गाणे कंट्रीच्या यादीत पहिले आले. कृष्णवर्णीय स्त्रीला तो मान प्रथमच मिळाला. २०२५ साली तिच्या संग्रहाला उत्कृष्ट कंट्री संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. त्यानंतर काही महिन्यांतच पारितोषिके देणाऱ्या संस्थेने त्या पारितोषिकाचे दोन भाग केल्याचे जाहीर केले : एक 'पारंपरिक कंट्री' आणि दुसरा 'समकालीन कंट्री'.