सर्पगंधा, ससे आणि लाखोळी

१९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. विषय होता सर्पगंधा. झोप यावी, वेडाचा झटका उतरावा म्हणून ही मुळी वैद्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतीच. डॉ. वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन रीतसर आकडे मांडले आणि पाश्चात्त्य औषधशास्त्राची नजर तिच्याकडे वळली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. पुढची काही वर्षे रक्तदाब आणि मनोविकार या दोन्हींवर त्याचा जोरात वापर झाला.

मग काही रुग्णांत भलतेच दिसू लागले. रक्तदाब उतरला, चित्त शांत झाले, पण त्यासोबत चालही मंदावली. हात कापू लागले, अंग ताठरले, चेहऱ्यावरचे भाव पुसले गेले. जणू कंपवातच. औषध बंद केले की माणूस हळूहळू पूर्ववत होई. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली या आजाराचे वर्णन करून ठेवले होते, पण तो होतो कशाने, याचा पत्ता सव्वाशे वर्षांनंतरही लागला नव्हता. आता एका मुळीतला अर्क त्याची हुबेहूब नक्कल करत होता आणि ती नक्कल पुसताही येत होती. याचा अर्थ, निदान या नकलेमागे तरी, मेंदूतले काहीतरी संपत होते आणि पुन्हा भरून येत होते.

हे ‘काहीतरी’ स्वीडनमधल्या अर्विड कार्लसन यांनी सशांमध्ये शोधले. रेसरपिन टोचलेले ससे कान पाडून निपचित बसत, हलवले तरी हलत नसत. १९५७ मध्ये कार्लसन यांच्या चमूने त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ससे उठून फिरू लागले. शरीरात डोपापासून डोपामिन बनते. तोवर डोपामिनला कोणी फारशी किंमत देत नव्हते. नॉरॲड्रेनॅलिन तयार होण्याच्या वाटेवरचा एक टप्पा, एवढीच त्याची ओळख. कार्लसन म्हणाले, हा टप्पा नाही, हे स्वतंत्र संदेशवाहक आहे. बड्या शास्त्रज्ञांनी तेव्हा नाके मुरडली. कार्लसन यांना नोबेल मिळाले ते २००० साली.

पण ससा म्हणजे माणूस नव्हे. माणसातला पुरावा व्हिएन्नाने दिला. ओलेह होर्निकीविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी मृत व्यक्तींचे मेंदू तपासले आणि १९६० मध्ये जाहीर केले, की कंपवाताच्या रुग्णांत मेंदूच्या खोल भागातले डोपामिन जवळजवळ आटलेले असते. ते पुरवणाऱ्या पेशी मेंदूच्या बुडाशी एका काळसर पट्ट्यात असतात आणि या आजारात त्याच मरत जातात. पहिला कंप दिसतो तेव्हा पुष्कळ पेशी गेलेल्या असतात. पुढच्याच वर्षी होर्निकीविच यांच्या आग्रहावरून वॉल्टर बिर्कमायर या डॉक्टरांनी अंथरुणाला खिळलेल्या काही रुग्णांना लेवोडोपाची, म्हणजे डोपाच्याच एका रूपाची, इंजेक्शने दिली. माणसे उठून बसली, काही चालू लागली. काही तासांनी परिणाम ओसरला आणि ती पुन्हा खिळली.

थेट डोपामिनच का देत नाहीत, हा प्रश्न कोणालाही पडेल. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चोखंदळ अडसर असतो. डोपामिनला तिथून आत प्रवेश नाही, लेवोडोपाला आहे. मात्र तो आत शिरतो तो अन्नातल्या प्रथिनांपासून बनणाऱ्या अमिनो आम्लांच्याच दारातून. त्यामुळे भरपेट डाळ-पनीर खाऊन लगेच गोळी घेतली तर दारात गर्दी होते आणि गोळी ‘लागू पडत नाही’. म्हणून तर अनेक रुग्णांना ती जेवणाच्या आधी घ्यायला सांगतात. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी मात्रा सावकाश वाढवत नेली तर तोंडाने घेतलेले औषधही टिकाऊ गुण देते, हे दाखवले. आज साठ वर्षे होत आली तरी कंपवाताचे मुख्य औषध तेच आहे.

इथवर गोष्ट सरळ वाटते: काहीतरी कमी पडले, ते भरले, काम झाले. मेंदू इतका सरळ नाही. निरोगी पेशी डोपामिन गरजेनुसार, क्षणाक्षणाला मोजून सोडतात. गोळीने ते दिवसातून तीन-चार लाटांत येते. काही वर्षांनी बऱ्याच रुग्णांत लाट चढली की हातपाय आपोआप वळवळू लागतात आणि ओसरली की शरीर गोठते. मेंदूत रसायन किती आहे यापेक्षा ते कुठे आणि कधी पोहोचते, यावर हालचालीचे सगळे गणित बसते. ‘मेंदूतले केमिकल बिघडले’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे असते.

या गणितात घरातले साधे औषधही ढवळाढवळ करू शकते. उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड घ्या. ते डोपामिनच्या जागा अडवते. ते घेतल्यावर काही तासांत, विशेषतः तरुण मुलामुलींत, क्वचित मान एकीकडे पिळवटते, जीभ बाहेर येते, डोळे वर चढतात. घरचे घाबरतात, कोणी म्हणते फिट आली, कोणी म्हणते बाहेरचे काही लागले. मोठ्या आकडीत माणूस बेशुद्ध होतो. इथे तो पूर्ण शुद्धीवर असतो, सगळे ऐकत असतो. योग्य इंजेक्शन मिळाले की बहुधा काही मिनिटांत मान सरळ होते. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन घेणाऱ्या आजी-आजोबांत तर कंपवाताचे अख्खे चित्र उमटू शकते. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ आधी गोळ्यांची पिशवी बघायला मागतात.

खऱ्या आकडीत प्रमुख पात्रे दुसरी असतात. पेशींना चेतवणारे ग्लुटामेट आणि त्यांना आवरणारे गाबा. आठवडी बाजारात हजार माणसे आपापले बोलत असतात तसा निरोगी मेंदू असतो. आकडीत सगळी एकाच वेळी एकाच घोषणेवर येतात. ते होऊ न देण्यात गाबाचा वाटा मोठा. गंमत म्हणजे गाबा ग्लुटामेटपासूनच बनते. ग्लुटामेटमधून कार्बन डायऑक्साइडइतका तुकडा निघाला की चेतवणाऱ्याचा आवरणारा होतो. तो तुकडा काढणाऱ्या विकराला मात्र ब-६ जीवनसत्त्व लागते.

याची किंमत काही तान्ह्या बाळांनी मोजली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाटलीचे तयार दूध पिणारी, एरवी धडधाकट बाळे चिडचिडी होऊ लागली, दचकू लागली, त्यांना झटके येऊ लागले. शोध घेत डॉक्टर एका विशिष्ट दुधापर्यंत पोहोचले. ते तयार करताना दिलेल्या उष्णतेने त्यातले ब-६ नष्ट झाले होते. जीवनसत्त्व दिल्यावर झटके थांबले. आजही नवजात बाळाचे झटके नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झाले की डॉक्टर ब-६ देऊन पाहतात, कारण काही बाळांत जन्मजात दोषामुळे त्याची गरज फार मोठी असते.

क्षयरोगाच्या उपचारातले आयसोनियाझिड हे औषधही ब-६ च्या कामात आडवे येते. रुग्णांना सोबत ब-६ ची गोळी देतात ती मुख्यतः हातापायांच्या नसा सांभाळायला. पण कोणी आयसोनियाझिड एकदम भरमसाट गिळले तर गाबा आटून आकड्यांवर आकड्या येतात. अशा वेळी उतारा म्हणून शिरेतून ब-६ च देतात.

आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर वापरायचा मिडॅझोलॅमचा फवारा आता आपल्याकडेही मिळतो. डॉक्टरांनी लिहून दिलेला असेल तर घरचेही तो नाकात मारू शकतात. तो नवे गाबा आणत नाही, असलेल्या गाबाचा जोर वाढवतो. आपल्याकडे नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची हौस जुनी आहे. त्याने काही होत नाही, आकडी बहुधा आपली आपणच थांबते आणि श्रेय चपलेला जाते. खरे करण्यासारखे एवढेच: माणसाला कुशीवर वळवणे, तोंडात चमचा न कोंबणे, घड्याळ पाहणे, आणि पाच मिनिटे उलटली तर फवारा असो वा नसो, रुग्णालय गाठणे. आणि इथेही ‘गाबा वाढले की बरे’ असा सरसकट नियम नाही. मूल काही क्षण शून्यात बघत राहते त्या प्रकारच्या आकड्या टायगाबिन किंवा विगाबाट्रिन या गाबा वाढवणाऱ्या औषधांनी उलट बळावू शकतात.

ग्लुटामेटची दुसरी बाजू विदर्भाच्या धानपट्ट्यात भेटते. धान निघाल्यावर बांधीतल्या उरलेल्या ओलीवर लाखोळी येते. पाणी नाही, खत नाही, तरी पीक हाती लागते. दुष्काळात इतर पिके जळतात तेव्हा हीच डाळ उरते आणि घात तिथेच होतो. महिनोन्‌महिने तिच्यावरच गुजराण झाली तर काहींचे पाय ताठरतात, चवड्यांवर कात्रीसारखे एकमेकांत अडकत चालावे लागते, पुढे काठ्या लागतात. मध्य भारतातली १८३० च्या दशकातली अशी साथ इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांनी नोंदवली होती. रेवा भागात वेठबिगारांना मजुरीच या डाळीत मिळे, त्यामुळे पंगुत्वही त्यांच्याच वाट्याला येई.

१९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी डाळीतले विष ओळखले. ते एक अमिनो आम्ल आहे, घडणीने ग्लुटामेटच्या जवळचे. मेंदूतल्या पेशी त्याला ग्लुटामेट समजतात आणि वाजवीपेक्षा जास्त चेततात. या माऱ्यात पायांना हुकूम देणाऱ्या लांब पेशी मरतात. व्हिएन्नातले रुग्ण इंजेक्शनने उठले, कारण डोपामिन ज्यांना मिळायचे त्या पेशी जिवंत होत्या. इथे हुकूम देणारेच उरत नाहीत, म्हणून गेलेले पाय परत येत नाहीत.

लाखोळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली, पुढे महाराष्ट्राने ती उठवली. थोड्या प्रमाणात, इतर अन्नासोबत खाल्ली तर ती बाधत नाही, असा तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा, आणि तो बराचसा खराही आहे. विष पाण्यात विरघळते, त्यामुळे डाळ भिजवून ते पाणी फेकले तरी बरेच निघून जाते. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ हे कमी विषाचे वाणही काढले आहेत. शेतकऱ्याने ते पेरावेत यासाठी गावात बियाणे वेळेवर पोहोचायला हवे, आणि मजुराच्या ताटात त्या डाळीखेरीज आणखी काही पडायला हवे.