एका पेटीत दोन समुद्र

घरगुती मत्स्यालय : लेखांक ७

समुद्राच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण घरच्या पेटीत कसे राखावे याचा विचार गेल्या लेखांकात झाला. आता पाण्याच्या उष्णतामानाकडे वळावयाचे आहे, आणि त्यासाठी मी मुद्दाम असे एक उदाहरण घेतो, की ज्यात पाणी निर्मळ होते, क्षार यथाप्रमाण होते, मालकाची देखरेखही चोख होती, आणि तरीसुद्धा पेटीतील एक रहिवासी दिवसेंदिवस झिजत होता.

लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या दिवाणखान्यात चाळीस लिटरांची एक काचेची पेटी असते. तिच्यात उष्ण समुद्रातील मृदू प्रवाळ होते, छत्रीसारखे फुललेले, प्रखर दिव्याखाली हिरवट-जांभळे चमकणारे. आणि त्यांच्यामधून करंगळीहूनही लहान असा एक मासा दगडादगडावर टेकत फिरत होता. शेंदरी अंगावर तेजस्वी निळे उभे पट्टे असलेला तो जीव दृष्टीस पडला की दुसरीकडे पाहवत नसे. ज्या दुकानातून तो आणला तेथे, ‘हा प्रवाळांच्या पेटीत उत्तम नांदतो’ असे सांगण्यात आले होते. पेटीचा तापमापक २६ अंश सेल्सिअस दाखवीत होता. मासा अन्नावर झेप घेई, रंगही उतरलेला नव्हता, त्यामुळे तो नव्या घरी रमला असे सर्वांनी धरून चालले होते. मी काचेशी डोळा नेऊन, घड्याळ हाती धरून त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मोजू लागलो; तीनदा आरंभ केला आणि तीनदा मोजणी चुकली, इतक्या त्वरेने ते कल्ले हलत होते, आणि तेही मासा दगडावर स्वस्थ टेकलेला असताना.

हा मासा म्हणजे कॅटालिना गोबी. आपल्या खाड्यांच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ज्या गोताची, त्याच विस्तीर्ण गोतातला हा. चार्ल्स हेन्री गिल्बर्ट या मत्स्यशास्त्रज्ञाने १८९० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरांवर असलेल्या सांता कॅटालिना बेटावरून त्याला हे नाव पडले. तेथे तो खडकांच्या कपारींत राहतो आणि संकट दिसताच अर्चिन या गोलाकार समुद्रप्राण्याच्या काट्यांत शिरून बसतो. या किनाऱ्याला उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह भिडतो. शिवाय वाऱ्याने वरचे पाणी बाहेर लोटले गेले की तळचे शीत पाणी वर येते. म्हणून बेटाभोवतीच्या समुद्राचे उष्णतामान हिवाळ्यात १४-१५ आणि उन्हाळ्यात सामान्यतः २० अंशांच्या आसपास असते. याच जातीचे मासे दक्षिणेस, उन्हाळ्यात बरेच तापणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या आखातातही आढळतात, हा दाखला विक्रेते नेहमी पुढे करतात, आणि तो खोटाही नाही; परंतु ही जात सत्तर मीटरांहून अधिक खोलीपर्यंत सापडते, आणि समुद्रात जी खाली उतरण्याची मुभा माशाला असते ती हातभर उंचीच्या पेटीत कोठून असणार?

आता त्या कल्ल्यांचा उलगडा करतो. माशाचे शरीर आपल्यासारखे स्वतःची ऊब राखीत नाही. सभोवतालचे पाणी जितके उष्ण तितके त्याचे अंग उष्ण, आणि अंग दहा अंशांनी तापले की देहातील ज्वलनाची गती स्थूलमानाने दुप्पट किंवा त्याहून अधिक होते. म्हणजे प्राणवायूची मागणी वाढते. इकडे पुरवठ्याची गत नेमकी उलट असते, कारण पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळणारा वायू कमी होत जातो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात १५ अंशांवर सुमारे ८.१ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर २६ अंशांवर जेमतेम ६.६. जमा घटली आणि खर्च दुपटीवर गेला, असा हा जमाखर्च आहे, आणि त्याची तोंडमिळवणी करण्यासाठी तो चिमुकला जीव रात्रंदिवस कल्ले हलवीत होता. त्याची भूक हीदेखील त्याच खर्चाची खूण होती. आम्ही तिला समाधानाची खूण समजत होतो. मुळात या माशाचे आयुष्य फार तर दीड-दोन वर्षांचे. उष्ण पाण्यात ते काही महिन्यांत सरते, आणि मासा एका रात्रीत तडफडून मरत नसल्यामुळे मालक उष्णतामानाखेरीज दुसऱ्याच कशाला तरी दोष देतो.

मग पाणी थंड करावे, तर प्रवाळांची हरकत येते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. हा व्यवहार बहुधा २३ ते २९ अंशांच्या दरम्यान सुरळीत चालतो. पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी मर्यादेपेक्षा एखादाच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ त्या शैवालाला बाहेर घालवितो आणि पांढरा पडतो. उलट दीर्घकाळ १८ अंशांखाली राहिले, तर बहुतेक प्रवाळांची वाढ मंदावून खुंटते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, मालवणच्या समुद्रात आपले जे प्रवाळ आहेत तेही याच उष्ण पाण्याचे रहिवासी. (मालवणचे नाव आले म्हणून येथेच नमूद करतो, की कठीण कवचाच्या प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, ते उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे, आणि तसा तो असावा हेच योग्य.)

अशा वेळी २२ अंशांची तडजोड पुष्कळ लोक सुचवितात. ती सर्वस्वी निराधार नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस लॉर्ड हाव बेटाजवळ, विषुववृत्तापासून साडेएकतीस अंश दक्षिणेस, जगातील सर्वांत दक्षिणेकडचा प्रवाळखडक उभा आहे आणि तेथे उष्ण व समशीतोष्ण अशा दोन्ही समुद्रांचे मासे एकत्र वावरतात. पण तेथले प्रवाळ पिढ्यान्‌पिढ्या त्या शीत हिवाळ्याच्या निकषावर निवडले गेलेले आहेत. इराणच्या आखातातील प्रवाळ उन्हाळ्यात ३४ अंशांपुढचे पाणी सोसतात तेही याच कारणाने. ही सहनशक्ती वंशाची कमाई होय, आणि दुकानातून उचललेल्या एकट्या जीवाला ती पंधरवड्यात शिकविता येत नाही. म्हणून माझे मत असे, की २२ अंशांवर काही काटक मृदू प्रवाळ तग धरतील, परंतु माशाच्या दृष्टीने ती उन्हाळ्यातील सर्वांत उष्ण दिवसाची स्थिती बाराही महिने लादणे आहे. दोन्ही पक्षांचे समाधान करणारा अंश तापमापकावर नाही.

शिवाय लहान पेटीत कोणताही अंश टिकविणे हेच मोठे संकट आहे. चाळीस लिटर पाणी दिव्याने व पंपाने दुपारभरात तापते. पृष्ठभागावर पंखा लावून बाष्पीभवनाने ते निवविता येते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते ती, बाहेरून नवी उष्णता न आली तर, चाळीस लिटरांना सुमारे १४ अंशांनी थंड करण्याइतकी असते. मात्र हे माठाचे तत्त्व आहे आणि माठाच्या मर्यादा त्यालाही लागू आहेत: पुण्याच्या कोरड्या चैत्रात पंखा उत्तम काम देईल, मुंबईच्या दमट हवेत मात्र माठातले पाणी जसे कोमटच राहते तशीच पेटीची गत होईल, आणि तेथे शीतकयंत्रावाचून गत्यंतर नाही. ते यंत्र बसविले की काचेला बाहेरून घाम सुटतो, लाकडी टेबल फुगते, आणि पाण्यातून काढलेली उष्णता यंत्र त्याच खोलीत सोडते. पंखा लावणाऱ्याने क्षारांकडे लक्ष ठेवावे, कारण वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. त्याची भरपाई गोड्या पाण्याने करावी, खाऱ्या नव्हे.

पुतण्याने अखेर पेटी विभागली. प्रवाळ २५ अंशांवर दिव्याखाली राहिले, आणि माशासाठी घराच्या उत्तरेकडील खोलीत, शीतकयंत्र जोडून, १७ अंशांची दुसरी पेटी झाली. तिच्यात त्याने परवानाधारक विक्रेत्याकडून आणलेले त्याच किनाऱ्याचे नारिंगी पेला-प्रवाळ ठेवले आहेत. हे प्रवाळ शैवाल बाळगीत नाहीत, त्यांना प्रखर दिवा लागत नाही, आणि म्हणूनच कोणी तरी त्यांना भरविले पाहिजे. दिवेलागणीनंतर पुतण्याची मुलगी काचेच्या नळीने कोळंबीचा बारीक चुरा एकेका प्रवाळाच्या मुखाशी सोडते. पारदर्शक स्पर्शिका सावकाश आत मिटतात. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, “आजोबा, आता मोजा ना!” मासा दगडावर टेकलेला होता. मी मोजू लागलो, आणि या वेळी मोजणी शेवटपर्यंत गेली.

काचेच्या जाडीचा आणि पेटीच्या बैठकीचा विचार पुढील लेखांकी.