मालमोटारचालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र : नमुना १-अ चा विचार

मिरजेहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग कवठे महांकाळ तालुक्यातून जातो. हा प्रदेश मूळचा अवर्षणप्रवण. म्हैसाळ उपसा योजनेचे पाणी आल्यापासून येथील द्राक्षबागांना आणि उसाला आधार मिळाला, आणि कोरड्या हवेमुळे बेदाण्याच्या शेडही या रस्त्याच्या बाजूने ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. माघ-फाल्गुनात द्राक्षाचा हंगाम भरात आला म्हणजे माल दिवसाच्या उन्हात नासू नये म्हणून पुष्कळशी वाहतूक रात्री होते. रात्रीच्या या वाहतुकीत चाकामागे बसलेल्या माणसाचे डोळे, कान आणि हृदय कोणत्या कसोटीला उतरलेले असतात, हा प्रश्न वैद्यकाचा आहे, कायद्याचा आहे, आणि अर्थशास्त्राचाही आहे. प्रस्तुत टिपणात त्या कसोटीचे स्वरूप तपासावयाचे योजिले आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ८ अन्वये परिवहन वाहन चालविण्याच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने नोंदणीकृत वैद्यकाचे प्रमाणपत्र सादर केले पाहिजे. कलम १५ अन्वये अशा परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळीही ते लागते, आणि चाळीस वर्षे पुरी झालेल्या इतर परवानाधारकासही ते द्यावे लागते. कलम १६ ने तर परवाना अधिकाऱ्यास असा अधिकार दिला आहे की, चालक व्याधीमुळे वा व्यंगामुळे अपात्र झाला आहे असे मानण्यास सबळ कारण दिसल्यास त्याने परवाना केव्हाही रद्द करावा, किंवा नवे प्रमाणपत्र मागावे. प्रमाणपत्राचा मसुदा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १-अ मध्ये आहे. त्याच्या जोडीला नमुना १ आहे, तो अर्जदाराने स्वतः भरावयाचा. एकात वैद्य बोलतो, दुसऱ्यात चालक. या दोहोंतील अंतर ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढील विवेचनाचा बराचसा भाग त्यावरच उभा आहे.

आता नमुना १-अ मधील मुख्य कसोटी पाहू. चांगल्या दिवसाच्या प्रकाशात २५ मीटर अंतरावरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी अर्जदारास ओळखता येते काय, असे वैद्यास विचारले आहे. ही कल्पना जुनी आहे. १९३९ च्या अधिनियमाच्या परिशिष्टात हेच अंतर २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास ही कसोटी ओबडधोबड वाटण्याचा संभव आहे, कारण त्याला स्नेलेनच्या तक्त्याची सवय असते. परंतु थोडे गणित केले तर ती वाटते तितकी ओबडधोबड नाही असे दिसून येते. नियमांनुसार चारचाकी वाहनाच्या पाटीवरील अक्षराची उंची ६५ मिलिमीटर आणि रेषेची जाडी १० मिलिमीटर असते. २५ मीटरवरून ६५ मिलिमीटर उंचीचे अक्षर डोळ्याशी सुमारे ८.९ कला इतका कोन करते. स्नेलेनच्या पद्धतीत ६/६ दृष्टीचे अक्षर ५ कलांचे असते. म्हणजे उंचीच्या हिशेबाने ही कसोटी साधारण ६/११ दृष्टीइतकी भरते. रेषेच्या जाडीचा हिशेब धरला तर तोच आकडा ६/८ च्या आसपास येतो. तात्पर्य, पाटी वाचणाऱ्याची दृष्टी ६/९ आणि ६/१२ यांच्या दरम्यान कोठेतरी असते. अमेरिकेत व्यापारी वाहनचालकासाठी प्रत्येक डोळ्याची २०/४०, म्हणजे आपल्या परिभाषेत ६/१२ दृष्टी ही सर्वसाधारण कसोटी आहे. अंकांपुरते पाहता आपण फार मागे नाही.

फरक पडतो तो ‘प्रत्येक’ या शब्दाने. नमुना १ मध्ये अर्जदारास स्वतःला विचारलेला प्रश्न प्रत्येक डोळ्यासंबंधी आहे. एका डोळ्याची सवलत तेथे आहे, पण ती परवाना पाच वर्षे धारण केल्यानंतर दृष्टी गमावलेल्या आणि परिवहनेतर हलके वाहन चालवू इच्छिणाऱ्या व्यक्तीपुरतीच. नमुना १-अ मध्ये मात्र वैद्यास विचारलेल्या प्रश्नात केवळ ‘दृष्टी’ असे म्हटले आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाटी वाचून दाखविणारा चालक या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच मिळवील, मग त्याच्या डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू का असेना. म्हणजे कडक प्रश्न ज्याचा रोजगार पणास लागला आहे त्याला विचारला, आणि सैल प्रश्न तज्ज्ञाला! मसुदाकारांचा हेतू असा नसावा, पण परिणाम असा होतो खरा. दृष्टिक्षेत्राची, म्हणजे समोर पाहत असता बाजूचे किती दिसते याची, विचारणा तर कोठेच नाही. अमेरिकेत ते प्रत्येक डोळ्यास आडव्या रेषेत किमान ७० अंश असावे लागते. काचबिंदूने बाजूचे क्षेत्र आक्रसलेला मनुष्य २५ मीटरवरील पाटी बिनचूक वाचू शकतो, कारण मध्यदृष्टी पुष्कळ काळ शाबूत राहते.

रंगज्ञानाचा नियम २०२० साली बदलला. पूर्वी लाल व हिरवा रंग सहज ओळखता येणे आवश्यक होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये झालेल्या दुरुस्तीने सौम्य व मध्यम वर्णांधता असणाऱ्यांना परवान्याचा मार्ग खुला झाला आणि तीव्र वर्णांधतेपुरताच प्रतिबंध राहिला. हा बदल योग्य दिशेने झाला असे प्रस्तुत लेखकास वाटते, कारण सिग्नलचे दिवे ठराविक क्रमाने असतात आणि मागील दिव्यांचा रंग नाही तरी तेज समजतेच.

रातांधळेपणाचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे आणि तोच आमच्या रस्त्यासाठी अधिक जिव्हाळ्याचा. वैद्याने आपले मत द्यावे असे नमुना म्हणतो, पण ते मत कशावरून बनवावे याचे मार्गदर्शन करीत नाही. दिवसाउजेडी, दवाखान्याच्या खोलीत, हे ठरवावयाचे तरी कसे? शिवाय पंचेचाळिशीच्या चालकास रात्री जो त्रास होतो तो बहुधा खऱ्या रातांधळेपणाचा नसतोच. मोतीबिंदूच्या आरंभी समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत डोळ्यात फाकतो आणि काही क्षण रस्ता दिसेनासा होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मालमोटार दर सेकंदास सुमारे १७ मीटर पुढे सरकते. कसोटीतील २५ मीटरचे अंतर ती दीड सेकंदात ओलांडते.

बहिरेपणा, हातापायांचे व्यंग यांविषयीचे प्रश्न सरळ आहेत, त्यांवर रेंगाळण्याचे कारण नाही. खरा विचार करावयाचा तो नमुन्यात नसलेल्या गोष्टींचा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याची व्याधी यांपैकी कशाचेही नाव वैद्यास विचारलेल्या प्रश्नांत नाही. फेफरे, शुद्ध हरपणे, भोवळ येणे यांविषयी चालकाने स्वतः नमुना १ मध्ये सांगावयाचे. आणि इतर कोणती व्याधी लोकांस धोकादायक ठरेल काय, हेही त्यानेच. १९३९ च्या अधिनियमाने अपात्र ठरविणाऱ्या व्याधींची यादीच परिशिष्टात दिली होती आणि तीत भोवळ वा मूर्च्छा आणणारा हृदयविकारही होता, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. ज्याच्या गाडीचा हप्ता थकला आहे, ज्याच्या घरी पाच तोंडे आहेत, तो मनुष्य ‘मला मधुमेह आहे’ असे आपल्याच हाताने लिहील अशी अपेक्षा करणे म्हणजे मनुष्यस्वभावाविषयीचे अज्ञान होय. तालुक्याच्या गावी वैद्य आणि चालक बहुधा एकमेकांच्या ओळखीचे असतात. “डॉक्टरसाहेब, गाडी थांबली तर चूल थांबेल” या वाक्यापुढे वैद्याची लेखणी अडखळते, आणि नमुन्यात तर पर्याय दोनच : पात्र किंवा अपात्र.

याच ठिकाणी परदेशातील पद्धतीपासून काही घेण्यासारखे आहे. अमेरिकेत २०१४ पासून राष्ट्रीय सूचीतील परीक्षकच हे प्रमाणपत्र देऊ शकतो. त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची, पण व्याधी पाहून परीक्षक ती कमी करू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्या चालकास तेथे पूर्वी सरसकट मनाई होती. २०१८ पासून उपचार करणाऱ्या वैद्याच्या अहवालावरून त्यास वर्षभराचे प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणजे व्याधी लपविण्याची गरजच कमी केली आहे. ब्रिटनमध्ये मालमोटारचालकास पंचेचाळिशीनंतर दर पाच वर्षांनी व पासष्टीनंतर दरसाल तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने परिवहन परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, आणि वयाचा काही विचार न करता! नूतनीकरणाचा खेटा कमी झाला हे चालकाच्या सोयीचेच. पण वैद्यकीय तपासणी त्या खेट्यालाच बांधलेली असल्यामुळे तीही दोन वर्षांनी लांबली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. धोकादायक मालाच्या वाहनांसाठीही एका वर्षाची मुदत तीन वर्षांची झाली.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात दिलेला निर्णय या संदर्भात महत्त्वाचा आहे. भारासह ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, आणि परिवहन वाहनांसाठी असलेल्या जादा अटी त्यावरील वजनाच्या वाहनांनाच लागू होतात, असा त्याचा आशय आहे. विम्याच्या नुकसानभरपाईत अडकलेल्या कुटुंबांना त्यामुळे दिलासा मिळाला, आणि तो न्याय्यच होता. पण द्राक्षाच्या पेट्या, बेदाण्याची खोकी शीतगृहापर्यंत नेणारी जी छोटी पिकअप वाहने आमच्या तालुक्यात रात्रंदिवस धावतात, ती बहुतेक याच मर्यादेतील. आता विसाव्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना काढणाऱ्या तरुणास तो चाळिसाव्या वर्षापर्यंत पुरतो. मधल्या वीस वर्षांत माल वाहून त्याने पोट भरले तरी वैद्याने त्याचा डोळा तपासलाच पाहिजे असे या तरतुदींत कोठे नाही.

आणखी एक दार श्रमविषयक कायद्याचे. १९६१ चा मोटार परिवहन कामगार अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू असे आणि दिवसाला आठ तासांची मर्यादा घालीत असे. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. विहित वयाच्या वा वर्गाच्या कामगारांची वार्षिक आरोग्यतपासणी मालकाने विनामूल्य करवून द्यावी, ही तिच्यातील तरतूद स्वागतार्ह आहे. रक्तदाब व रक्तशर्करा यांची नोंद चालकाच्या बाबतीत प्रथमच नियमितपणे होण्याचा संभव तीमुळे निर्माण झाला. मात्र संहितेतील आस्थापना दहा किंवा अधिक कामगारांची असते. एक-दोन गाड्या बाळगून त्यांतील एक स्वतः चालविणारा कवठे महांकाळचा मालक-चालक पूर्वीच्या पाचांत बसत नव्हता, तो आताच्या दहांतही बसत नाही. त्याच्या वाट्यास पाच वर्षांतून एकदा येणारा नमुना १-अ चा कागद तेवढा उरतो.