हिंगोलीवर साडेअकरा किलोमीटरचा घुमट

काळ्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, ते पारपटल. ते दहा लाख पटींनी मोठं करून हिंगोली शहरावर पालथं घातलं तर मिलिमीटरचा किलोमीटर होईल. साडेअकरा किलोमीटर रुंद, अडीच किलोमीटर उंच घुमट! 1,646 मीटरचं कळसूबाई त्यापुढे ठेंगणं पडेल. भिंत अर्धा किलोमीटर जाड, आणि तिच्यावर अश्रूंचा थर अवघा तीन मीटर.

आता या घुमटाची गोलाई पाहा. तिची त्रिज्या साधारण 7.8 किलोमीटर, म्हणजे खऱ्या डोळ्यात 7.8 मिलिमीटर. गोलाई मोजणाऱ्या केरेटोमीटरवर हनुवटी टेकवली की यंत्र डोळ्यावर उजेडाच्या खुणा टाकतं आणि त्यांचं प्रतिबिंब मोजतं. गोलाई जास्त, तर प्रतिबिंब लहान. हिशेब सोपा आहे: 337.5 ला त्रिज्येने भागायचं. 7.8 ने भागलं तर 43.27 डायॉप्टर, म्हणजे चष्म्याच्या भाषेत नंबर; 7.6 ने भागलं तर 44.41. फरक 0.2 मिलिमीटरचा, पण डोळ्याची ताकद एका नंबराहून जास्त बदलली. आपल्या घुमटात तो फरक 200 मीटरचा.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी हे ‘के रीडिंग’ घेतात ते याचसाठी. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना जुन्या सूत्रात या आकड्याला 0.9 ने गुणतात, म्हणून मोजणीत एका डायॉप्टरची चूक झाली तर चष्म्यात जवळजवळ एक नंबर वाढून येतो. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू काढले. एक लाख डोळे म्हणजे एक लाख वेगवेगळ्या गोलाया. मला तर हा आकडा घुमटाहून मोठा वाटतो.

लेसर आणखी बारीक काम करतो. चष्म्याचा नंबर घालवताना त्याचा एक ठोका पारपटलाचा पाव मायक्रॉन थर उडवतो. घुमटावर तो थर वीतभर.

पण हिंगोलीत डोळ्याला धास्ती आहे ती शिवाराची. सोयाबीनच्या मळणीत उडालेलं कुसळ, तुरीच्या धसकटाचा ओरखडा. अशा जखमेतून बुरशी शिरते. औषध दुकानातून स्वतःच आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी ती आणखी फोफावते, आणि शेवटी डोळ्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं. कुणाला अॅलर्जीची खाज असते, तो वर्षानुवर्षं डोळे चोळतो. चोळण्याने पारपटल शंकूसारखं पुढे येण्याचा धोका वाढतो आणि 43 चा आकडा पन्नाशीपार जाऊ शकतो. हा फुगवटा वेळेत कळला तर बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण देऊन बहुतेकांमध्ये तिथेच रोखता येतो.

फूल पडलेल्या डोळ्यापुढे केरेटोमीटर आणला की उजेडाच्या खुणा तुटलेल्या, वाकड्यातिकड्या दिसतात, आणि यंत्राला भरवशाचा आकडाच मिळत नाही.